रिकाम्या बाटलीचे तीन चोर

१

बाटली जागच्या जागी होती. टोपण घट्ट लावलेलं होतं. आत औषधाचा थेंब नव्हता.

पाळकसाहेबांनी ती बाईंच्या पुढ्यात ठेवली. चर्चच्या मागच्या खोलीत बाई रोज या घरातल्या मुलांना शिकवत. तिथल्याच बुटक्या बाकांवर दोघं गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. फळ्यावर कालची वजाबाकी तशीच होती.

“मावशीचं मॉर्फिन,” पाळकसाहेब म्हणाले. “काल अर्ध्याच्या वर होतं. आज उजाडताच मी तिच्याजवळ प्रार्थनेला गेलो. तिच्या उशाशी ते छोटं कपाट आहे ना, त्याला किल्ली लटकत होती. दोरीसकट. उघडून बघतो तर हे.”

ही मावशी कोणाची सख्खी मावशी नव्हती. तरुणपणी ती नर्स होती. नशेपायी ज्यांच्या तोंडावर घरच्यांनी दार लावलं, त्यांच्यासाठी तिनं चर्चच्या आवारात हे घर उघडलं. आता तिच्या हाडांत कॅन्सर पसरला होता. ते औषध मिळालं तरच तिला श्वास घेता येई. नाहीतर ती नुसती दात आवळून पडून राही. किल्ली मात्र ती दुसऱ्याच्या हाती देत नसे. दोरीत ओवून गळ्यातच ठेवी.

“चोर?” बाईंनी विचारलं.

“सापडला. तिच्याजवळ बसायची पाळी ड्रायव्हरची होती. मी उठवलं आणि व्हरांड्यात नेऊन बाटली दाखवली. म्हणाला, ‘मीच घेतलं असणार.’”

“मग मला कशाला बोलावलंत?”

पाळकसाहेबांनी कपाळावर हात मारला. “कारण मागोमाग स्वयंपाकघरातली ताई आली. म्हणते, ‘मी घेतलं.’ आणि आता शिंपी दाराबाहेर उभा आहे. तोही म्हणतो, ‘मीच.’”

२

बाईंचा सगळा जन्म शाळेत गेला होता. खडू कोणी मोडला, तक्ता कोणी फाडला, या प्रश्नांना सगळ्या वर्गाचं एकच उत्तर असतं, “बाई, मी नाही!” त्यातून खरं शोधायची युक्ती त्यांना ठाऊक होती. पण सगळा वर्गच “मी, मी” म्हणून हात वर करतो, असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

या घरात मात्र ते नवल नव्हतं. मावशीनं इथे एक रीत घातली होती. संध्याकाळी जेवणाआधी सगळे उभे राहत आणि ज्याला वाटेल तो आपला दोष बोलून दाखवी. कोणी का विचारायचं नाही, कोणी उपदेश करायचा नाही, कोणी “असू दे” म्हणायचं नाही. सगळ्यांनी मिळून एकच शब्द म्हणायचा, “ऐकलं.” त्याला ते मोकळं होणं म्हणत. वर्षानुवर्षं खोटं बोलून जीभ झिजलेल्या माणसांना त्यानं खरं बोलायची सवय लागे. सवय इतकी लागे की काहींना न केलेलंही आपलंच वाटू लागे.

“आणि नियम?” बाई म्हणाल्या.

“तोही तिचाच. नशेची वस्तू घेणारा त्याच दिवशी बाहेर. संध्याकाळी डॉक्टर नवं औषध घेऊन येतात, त्यांना मला काहीतरी सांगावंच लागेल. ड्रायव्हरनं बोचकं बांधून ठेवलंय.” पाळकसाहेबांचा आवाज खाली आला. “बाई, तो या फाटकातून बाहेर पडला तर थेट पुलाखाली जाईल. मागे तिथून उचलला तेव्हा ओठ निळे पडले होते. दुसऱ्यांदा उचलायला कोणी वेळेवर पोचेल, असं मला वाटत नाही.”

“मावशी काय म्हणते?”

“तिच्या कानावर घातलेलं नाही. या अवस्थेत कसं सांगू? औषध संपलं, डॉक्टर संध्याकाळी आणतील, एवढंच सांगितलं.”

“त्यावर?”

“‘बरं’ म्हणाली.”

“नुसतं बरं?”

“नुसतं बरं.”

बाईंनी बाटली उचलून उजेडात धरली. पुढचं लेबल कोरं करकरीत होतं. मागच्या बाजूनं मात्र औषधाचा एक ओघळ तळापर्यंत येऊन सुकला होता. त्यांनी तिथे बोट लावलं. बोट चिकटलं.

“शिंप्याला आत पाठवा,” त्या म्हणाल्या. “आणि येताना सुई-दोरा आण म्हणावं.”

३

शिंपी सडपातळ होता. दारूनं त्याचं दुकान, बायको आणि समोरचे दात नेले होते. जीभ तेवढी शाबूत होती.

“बाई, वेळ घालवू नका. मी प्यायलो. सगळी बाटली. घटाघटा.”

“बरं. या सुईत दोरा ओवा.”

“आता?”

“आता.”

शिंप्यानं दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि पहिल्याच खेपेला ओवून सुई पुढे केली.

“अहो शिंपीबुवा,” बाई म्हणाल्या, “एवढं औषध पोटात असतं तर सुई सोडा, तुम्हाला मीसुद्धा दिसले नसते. कुठेतरी आडवे पडला असता आणि उठला नसता.”

शिंपी खाली बघू लागला. “मनात प्यायलो, बाई. काल मावशीला पाणी द्यायला गेलो होतो. ती बाटली बघितली आणि मनातल्या मनात पूर्ण रिकामी केली. सकाळी कळलं की खरंच रिकामी झाली. वाटलं, आपलीच दृष्ट लागली.”

“तुमच्या दृष्टीनं बाटल्या रिकाम्या झाल्या असत्या तर गावातलं एकही दुकान चाललं नसतं.”

तो हसला. मग हसता हसताच त्याचा चेहरा वाकडा झाला. “ड्रायव्हरला घालवू नका हो. मला घालवा. मी दारूवाला. रस्त्यात पडलो तरी सकाळी उठतो. तो उठणार नाही.”

४

ताई स्वयंपाकघरात पातेली घासत होती. एका हातानं घासता घासता दुसऱ्या हातानं तिनं एका खोकणाऱ्या पोरीला चमचाभर औषध पाजलं. बाटलीवरून औषध ओघळलं, लेबलावरची अक्षरं आणखी थोडी पुसली गेली.

“बघा, परत सांडलं!” ती स्वतःवरच खेकसली. “मावशी अंथरुणातून ओरडते, ‘अगं, लेबल तळव्याकडे धर, ओघळ नावावर येऊ देऊ नये.’ तिच्या हाताखाली शिकल्या त्या नर्सांना जमत असेल. आम्हाला कुठलं जमायला!”

फळीवर औषधाच्या चार-दोन बाटल्या होत्या. एकीचंही लेबल धड नव्हतं.

“ताई, औषध तुम्ही घेतलंत म्हणे.”

“घेतलं. विकणार होते. मग भीती वाटली, बाटली कचऱ्यात टाकली.”

“कुठल्या कचऱ्यात?”

“गाडी आली होती ना सकाळी. गेली ती.”

बाईंनी पिशवीतून बाटली काढून ओट्यावर ठेवली. “ही कपाटातच होती.”

ताईचा हात पातेल्यात थांबला. तिनं पातेलं बाजूला सारलं. मग म्हणाली, “माझ्या भावाला आमच्या बापानं असंच दाराबाहेर उभं केलं होतं. तो म्हणत होता, ‘फक्त आजची रात्र.’ मी आतून ऐकत होते. कडी माझ्या हातात होती.” तिनं नाक पुसलं. “मला खोटारडी म्हणा, काहीही म्हणा. परत तसं ऐकायचं नाही मला.”

बाई उठल्या तशी ती मागून म्हणाली, “आणि मोरीकडे जाऊ नका, मुंग्याच मुंग्या झाल्यात. कोणी मेल्यानं सकाळी साखर ओतलीय कोणास ठाऊक!”

बाई नेमक्या मोरीकडेच गेल्या.

५

ड्रायव्हर फाटकाजवळच्या पायरीवर बोचकं मांडीवर घेऊन बसला होता. डाव्या हाताची मूठ त्यानं अशी आवळली होती की जणू आत निखारा आहे.

“माझ्याकडे बघा,” बाई म्हणाल्या.

त्यानं मान वर केली. अफूच्या औषधानं डोळ्यांतली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, हे या घरात लहान मुलंही जाणत होती. त्याच्या बाहुल्या भीतीनं मोठ्या झाल्या होत्या.

“तुम्ही प्यायलेला नाहीत.”

“लपवलं असेल. दुसऱ्या कशात ओतून ठेवलं असेल. आठवत नाही.”

“आठवत नाही तर कबूल का करता?”

“कारण मी मला ओळखतो, बाई.” तो शांतपणे बोलत होता आणि तेच ऐकवत नव्हतं. “माझी मुलगी झोपली होती. तिच्या कानातलं मी काढलं आणि विकलं. ती जागी झाली नाही. आणि दुसऱ्या दिवशी बायको रडत होती तेव्हा मी खरंच तिच्याबरोबर शोधत होतो. पलंगाखाली, कपड्यांत. मला आठवतच नव्हतं. मग मावशीच्या गळ्यातली किल्ली काढायला मला काय जड?”

“सकाळी काय झालं, तेवढं सांगा.”

“खुर्चीत डोळा लागला. पाळकसाहेबांनी हलवलं. मी सवयीनं मावशीचं उलटीचं भांडं उचललं, मोरीत ओतलं, धुतलं. बाहेर आलो तर त्यांनी बाटली दाखवली. आणि तेव्हा कळलं, माझा हात चिकट आहे.” त्यानं मूठ उघडली. “वास घेतला. तोच. हा तर माझाच हात आहे ना? दुसरा काय पुरावा पाहिजे?”

बाईंनी विचारलं, “काल मावशीशी काही बोलणं झालं होतं?”

त्यानं मूठ परत मिटली. “ते मी सांगणार नाही,” तो म्हणाला आणि त्यानं पाठ फिरवली.

६

मावशीच्या खोलीत पडदा ओढलेला होता. ती डोळे मिटून पडली होती आणि तिच्या चेहऱ्याची कातडी ताणून बांधल्यासारखी दिसत होती. बाईंनी पाळकसाहेबांना दाराजवळ उभं केलं आणि किल्लीची दोरी मागून घेतली.

“ही कुठे तुटलीय का, बघा.”

“नाही. गाठही जुनीच आहे.”

“म्हणजे ती डोक्यावरून काढली. आता सांगा, या उशीचा अभ्रा बदलून किती दिवस झाले?”

“मान उचलली की किंचाळते हो ती. म्हणून बदललाच नाही.”

“मग झोपेत तिची मान उचलून दोरी कोण काढेल? ती ओरडली असती, ड्रायव्हर उठला असता, सगळं घर उठलं असतं.”

बाई हळू आवाजात, पण मुलांना गणित सोडवून दाखवावं तशा बोलू लागल्या.

“या घरातल्या माणसांनी आयुष्यभर बाटल्या लपवल्यात. त्यांच्यापैकी कोणी औषध चोरलं असतं तर बाटलीत पाणी भरून ठेवलं असतं, म्हणजे चार दिवस कळलं नसतं. ज्यानं हे केलं त्याला लपवणं येतच नाही. ओतलं, टोपण लावलं, परत जागेवर ठेवलं. ओघळ आहे तो मागच्या बाजूला. लेबल तळव्याकडे धरून ओतणारं माणूस या घरात एकच आहे. औषध कुणाच्या पोटात गेलं नाही. पाकाचं गोड औषध होतं ते. सकाळी ते उलटीच्या भांड्यात होतं आणि ड्रायव्हरनं स्वतःच्या हातानं मोरीत ओतलं. मुंग्यांना विचारा.”

“पण… ती? एकेका थेंबासाठी डॉक्टरांशी भांडते ती!”

“म्हणूनच ते ‘बरं’ मला खटकलं. औषध संपलं म्हटल्यावर तिनं एकही प्रश्न विचारला नाही. आणि पाळकसाहेब, तुम्ही सगळ्यांना विचारलंत. जिची वस्तू गेली, तिला तेवढं विचारायचं राहिलं.”

बाईंनी पांघरुणाचं टोक उचललं. कापड चावून चावून ओलं झालं होतं. दोरी काढताना आवाज होऊ नये म्हणून तिनं ते दातांत धरलं होतं.

“चुगलखोर आहेस,” मावशी डोळे न उघडता म्हणाली. “शाळामास्तरीण कुठली.”

“का केलंत, मावशी?”

“ते गुपित माझं नाही. दुसऱ्यानं माझ्यापाशी ठेवलेलं आहे. ज्याचं आहे तो सांगेल तर सांगेल.” तिनं श्वास घेतला, तो मध्येच अडकला. “एका दिवसाचं दुखणं काय, सोसेन. उगाच बोभाटा कशाला?”

“बोभाटा झालाय. ड्रायव्हर म्हणतो, चोरी त्यानं केली. नियमाप्रमाणे तो आज बाहेर.”

मावशीचे डोळे उघडले.

“कोण म्हणतं? अरे, माझ्या कानावर का नाही घातलं? बोलवा त्याला! आत्ता!”

बाहेरून ताईचा आवाज आला. फाटक करकरलं होतं. “बाई, धावा! पायरी रिकामी आहे. ड्रायव्हर गेला!”

७

फाटकापासून रस्ता सरळ जातो आणि एका सार्वजनिक नळाशी फुटतो. एक फाटा बसथांब्याकडे, दुसरा खाली पुलाकडे. बाईंना पळवत नव्हतं, पण त्या पळाल्या.

ड्रायव्हर नळापाशीच होता. बोचकं चिखलात पडलं होतं आणि विटेच्या तुकड्यानं तो डावा तळहात घासत होता. पाणी लालसर वाहत होतं.

“जात नाही, बाई. वास जात नाही.”

बाईंनी नळ बंद केला. धापा टाकतच विचारलं, “पाळकसाहेबांनी उठवलं तेव्हा हा हात कुठे होता?”

“मावशीच्या हातात.”

“तुम्ही तिचा हात धरला होता?”

“छे! हात लावला तरी तिला दुखतं. मी नाही धरत.” तो थांबला. “तिनं धरला होता.”

“मग चिकट कोणाचा होता, तुमचा की तिचा?”

ड्रायव्हर हाताकडे बघत राहिला. मुलांना उदाहरण सुटतं तेव्हा त्यांचे डोळे कसे होतात, ते बाईंना चांगलं माहीत होतं. पण इथे उत्तर सापडलं आणि माणूस जमिनीवर बसला.

“तिनं ओतलं,” तो म्हणाला. “माझ्यासाठी ओतलं.”

बाईंनी त्याच्या हातातला विटेचा तुकडा काढून घेतला.

“काल मी तिला सांगितलं होतं. म्हटलं, मावशी, ती बाटली मला हाक मारते. मी तुझ्याजवळ बसतो ते तुझ्यासाठी की तिच्यासाठी, मलाच कळत नाही.” तो हसला, पण ते हसणं नव्हतं. “ती म्हणाली, ‘ऐकलं.’ मला वाटलं, झालं, मोकळा झालो. आणि तिनं रात्रभर… म्हणजे तिला खात्री होती, बाई. मी चोरणारच अशी. चोर ठरलो होतो तेच बरं होतं.”

त्यानं पुलाकडे पाहिलं. तिकडून वाऱ्याबरोबर जळक्या रबराचा वास येत होता.

“तिला खात्री होती की नव्हती, ते मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “ते तिला विचारा. ती तिकडे औषधावाचून पडलीय आणि तुमचं नाव घेऊन ओरडतेय. मी म्हातारी आहे, तुम्हाला ओढत नेऊ शकत नाही. बोचकं मात्र मी घेऊन चाललेय. हवं असेल तर मागे या.”

त्या बोचकं उचलून निघाल्या. मागे वळून पाहिलं नाही. फाटकाशी आल्या तेव्हा कुठे पावलांचा आवाज ऐकू आला.

८

त्या संध्याकाळी सगळे मावशीच्या खोलीत उभे राहिले. मावता मावत नव्हते. डॉक्टरांचा पत्ता नव्हता. मावशीचं अंग घामानं भिजलं होतं आणि एकेक शब्द ती वजन उचलावं तसा उचलत होती.

“आज माझी पाळी. मी औषध ओतून टाकलं. ड्रायव्हरनं आपलं माणूस समजून मला काही सांगितलं होतं. त्याला सांगायला हवं होतं, ‘बाबा, मला भीती वाटते, तू इथे बसू नकोस.’ तेवढं तोंडावर सांगायचं धैर्य झालं नाही. मग गुपचूप केलं. तुम्ही बाटल्या लपवायचात तसंच.”

“ऐकलं,” सगळे म्हणाले.

ड्रायव्हर म्हणाला नाही. तो भिंतीला टेकून उभा होता आणि रक्ताळलेला तळहात त्यानं काखेत दाबला होता. शिंप्यानं त्याला कोपरानं ढोसलं. तो हलला नाही.

“भरवसा नव्हता?” शेवटी त्यानं विचारलं. इथे प्रश्न विचारायचा नसतो. पण कोणी अडवलं नाही.

“नव्हता,” मावशी म्हणाली. “काल नव्हता. म्हणूनच तुझा हात धरून ठेवला. वाटलं, बाटलीसाठी उठलास तर मला कळेल.”

ड्रायव्हरनं काखेतला तळहात बाहेर काढला.

“मला ते हवं होतं,” ड्रायव्हर म्हणाला. “आत्ताही हवंय. डॉक्टर आणतील तेही मला हवं असेल.”

“ऐकलं,” सगळे म्हणाले.

डॉक्टर आले तेव्हा पाळकसाहेबांनी त्यांना बाजूला घेऊन सगळं खरं सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. सारं वरच्या अधिकाऱ्यांना कळवायलाच हवं, आणि पुढे काय होईल ते त्यांच्या हातात नाही, असं म्हणाले. पण आधी त्यांनी बाटली उघडली.

बाटलीचं टोपण फिरल्याचा आवाज झाला तसा ड्रायव्हर पांढराफटक पडला.

“मी आत बसत नाही,” तो म्हणाला. “किल्ली ताईकडे द्या. आत ती बसेल. मी दाराबाहेर बसतो. दार लावून घ्या.”

ताईनं दाराकडे पाहिलं. तिनं कडीवर हात ठेवला. “कडी नाही लावणार,” ती म्हणाली. “नुसतं लोटून घेते.”

दार लोटलं गेलं. ड्रायव्हर व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून बसला. बाईंनी त्याच्याजवळ बोचकं ठेवलं. त्यानं ते उशाला घेतलं नाही, सोडलंही नाही. नुसता बघत राहिला. बाई घरी जायला निघाल्या, पण दोन पावलांवर थांबल्या.

“मावशी,” ड्रायव्हरनं बंद दाराशी तोंड नेऊन हाक मारली. “आहे मी.”

आतून लगेच काही आलं नाही. औषध चढायला वेळ लागतो. त्यानं परत सांगितलं.

“आहे मी.”

मग फार लांबून यावा तसा तिचा आवाज आला.

“ऐकलं.”